ताऱ्यांवरच्या क्ष-किरण ज्वाला अभ्यासायच्या तर : सीमाभागातल्या नवख्या विद्यार्थ्यांसाठी

बेळगावात मृग लागला की दुर्बीण गुंडाळून ठेवावी लागते, ती दिवाळीच्या सुमारासच बाहेर निघते. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तर चार महिने एक तारा दिसला तरी नशीब समजायचे. क्ष-किरण खगोलशास्त्राचे काम मात्र या पावसाने अडत नाही. क्ष-किरण वातावरणाच्या वरच्या थरांतच शोषले जातात, जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून सगळी निरीक्षणे उपग्रहांवरून होतात, आणि बहुतेक उपग्रहांची माहिती ठरावीक मुदतीनंतर, साधारण वर्षभराने, सगळ्यांसाठी फुकट खुली होते. परदेशातल्या मोठ्या संस्थेत बसलेल्या संशोधकाला जी फाइल मिळते, तीच टिळकवाडीत नाहीतर निपाणीत बीएस्सी करणाऱ्या मुलीलाही मिळते.

म्हणून हा विषय आमच्या भागातल्या मुलांसाठी विशेष सोयीचा आहे असे आम्हाला मनापासून वाटते. लागते काय? फिजिक्स आणि गणिताचा पाया, लिनक्स चालवण्याची तयारी, आणि वेळेनुसार बदलणाऱ्या उजेडाच्या आलेखात उसळी दिसली की लगेच आनंदून न जाता तिच्यावर संशय घ्यायची सवय. पहिल्या दोन गोष्टी कॉलेजात शिकता येतात. तिसरी हाताने काम करूनच अंगी येते, आणि पुढचा बराचसा मजकूर तिच्याबद्दलच आहे.

ज्वाला म्हणजे काय घडते

ताऱ्याच्या पृष्ठभागातून चुंबकीय रेषांच्या कमानी वर आलेल्या असतात. खालच्या खळबळीमुळे त्यांना पीळ बसत जातो. पीळ हद्दीबाहेर गेला की रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात आणि साठलेली चुंबकीय ऊर्जा काही सेकंदांत ते मिनिटांत मोकळी होते. वेग घेतलेले इलेक्ट्रॉन कमानीच्या पायथ्याशी आदळतात. तिथला दाट वायू एकदम तापतो, वर उसळतो आणि कमान भरून टाकतो. १ ते १० कोटी केल्विनपर्यंत तापलेला हा वायू क्ष-किरणांत झळकतो आणि मग हळूहळू निवतो. म्हणून आलेखाचा आकार ठरलेला असतो : चढण उभी, उतरण लांब. तापमान आधी शिखर गाठते, वायूचे प्रमाण आणि त्यासोबत एकूण उजेड थोड्या वेळाने. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे खरी ज्वाला ओळखायला तोच कामी येतो.

निवण्याचा वेग कमानीच्या लांबीवर अवलंबून असतो. खानापूरकडे कुंभारांच्या भट्ट्या पाहिल्या असतील तर हे पटकन कळेल. लहान भट्टी रात्रीतून थंड होते, मोठी दुसऱ्या दिवशीही हात लावू देत नाही. ज्वालेच्या उतरणीचा काळ मोजून कमान किती लांब होती याचा अंदाज काढतात तो याच तत्त्वावर. क्ष-किरण दुर्बिणीतून तारा कायम एक ठिपकाच दिसतो, त्यावरची कमान वेगळी दिसत नाही. तरी तिची लांबी घड्याळाने मोजता येते, हे या विषयातले सगळ्यात देखणे गणित आहे.

मापाची जाणीव सूर्यापासून करून घ्यावी. सूर्याच्या ज्वालांची ए, बी, सी, एम, एक्स ही वर्गवारी १ ते ८ अँगस्ट्रॉम पट्ट्यातल्या क्ष-किरणांवर ठरते. पृथ्वीपाशी चौरस मीटरला एक वॅटचा दहा-हजारावा भाग पडला तर ती एक्स-१. ४ नोव्हेंबर २००३ ची ज्वाला इतकी मोठी होती की उपग्रहावरचा संवेदक भरून गेला. तिचा अंदाज एक्स-२८ च्या वर धरतात. अशा मोठ्या सौरज्वालेची एकूण ऊर्जा १० चा ३२ वा घात अर्ग (अर्ग हे ऊर्जेचे एकक) या घरात जाते. १० च्या ३३ व्या घातापुढे गेली की तिला महाज्वाला म्हणायची पद्धत आहे. केप्लर दुर्बिणीच्या १२० दिवसांच्या माहितीत सूर्यासारख्या १४८ ताऱ्यांवर ३६५ महाज्वाला सापडल्या, ते संशोधन २०१२ चे. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघासारख्या जागी, जिथे तारे अजून पोरवयातले आहेत, तिथे नासाच्या चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीला १० च्या ३४ व्या घातापासून पुढच्या ज्वाला शेकड्यांनी दिसल्या आहेत. चंद्रा दुर्बिणीने जानेवारी २००३ मध्ये या तेजोमेघाकडे जवळपास १३ दिवस रोखून पाहिले होते आणि ती माहितीही खुली आहे.

कोणते तारे घ्यावेत

सुरुवातीला जवळचे लाल बटू, म्हणजे सूर्यापेक्षा लहान आणि थंड तारे घ्या. प्रॉक्झिमा सेंटॉरी, एडी लिओनिस, ईव्ही लॅसर्टी, वायझेड कॅनिस मायनॉरिस, एयू मायक्रोस्कोपी हे सगळे ज्वालांसाठी नावाजलेले आहेत. क्ष-किरणांत ताऱ्यांच्या ज्वाला पहिल्यांदा पकडल्या त्या १९७० च्या दशकाच्या मध्यावर, एएनएस या डच उपग्रहाने, यूव्ही सेटी आणि वायझेड कॅनिस मायनॉरिसवर. २५ एप्रिल २००८ ला ईव्ही लॅसर्टीवर आणि २३ एप्रिल २०१४ ला डीजी कॅनम व्हेनॅटिकोरमवर जी ज्वाला उठली ती स्विफ्ट उपग्रहाने पकडली. स्विफ्ट हा मुळात गॅमा-किरणांचे स्फोट शोधायला सोडलेला. दुसरा गट आरएस कॅनम व्हेनॅटिकोरम जातीच्या जोडताऱ्यांचा. त्यांच्या ज्वाला तासन्‌तास, कधी दिवसभर चालतात आणि प्रचंड असतात. पण जोडीतल्या कोणत्या ताऱ्यावर ज्वाला उठली हे ठरवण्यातच नवख्याची दमछाक होते. ते नंतर.

पहिला सराव म्हणून आमचा आग्रह प्रॉक्झिमाच्या १२ ऑगस्ट २००१ च्या, एक्सएमएम-न्यूटन या युरोपियन क्ष-किरण उपग्रहाने केलेल्या निरीक्षणाचा आहे. त्यात एक मोठी, स्वच्छ ज्वाला आहे. तिच्यावर सविस्तर शोधनिबंध आहेत, म्हणजे तुमचे उत्तर चुकले तर कुठे चुकले ते शोधता येते. क्ष-किरणांतली ऊर्जा १० च्या ३२ व्या घाताच्या साधारण दुप्पट यायला हवी. दहापट वेगळी आली तर अंतराचे रूपांतर तपासा, बहुतेक वेळा पार्सेकचे (ताऱ्यांच्या अंतराचे एकक) सेंटिमीटर करताना शून्य हरवलेले असते.

या ताऱ्यावर एक फासही आहे. प्रॉक्झिमा आकाशात वर्षाला ३.८५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो. यादीतले स्थान २००० सालचे आणि निरीक्षण २०१८ चे असेल, तर तारा जवळपास ६९ विकला पुढे गेलेला असतो. तुम्ही जुन्या जागी ३० विकलांचे वर्तुळ टाकले, की तारा वर्तुळाबाहेर आणि हातात नुसती पार्श्वभूमी. आज्ञावली काही तक्रार करत नाही, सपाट आलेख काढून देते. म्हणून आधी चित्र उघडा, तारा डोळ्यांनी बघा, मग वर्तुळ टाका.

लॅपटॉप आणि नेट

८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप चालतो. विंडोज असेल तर त्यातच डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) घालून उबुंटू बसवा. दोन सॉफ्टवेअर लागतील : नासाचे हीसॉफ्ट, ज्यात वर्णपट (कोणत्या ऊर्जेचे किती फोटॉन आले याचा आलेख) मॉडेलशी जुळवणारे एक्सस्पेक येते, आणि एक्सएमएमसाठी युरोपियन अंतराळ संस्थेचे सॅस. दोन्ही फुकट आहेत, पण दोन्ही मिळून डिस्कवर कित्येक जीबी जागा खातात. एका निरीक्षणाची मूळ फाइल काहीशे एमबी ते एखाद जीबी धरा. खेड्यात वीज गेली की डाउनलोड अर्धवट तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करताना डेटा पॅक संपतो. त्यावर उपाय म्हणजे ब्राउझरने न उतरवता डब्ल्यूगेट या आज्ञेने, उरलेला भाग पुढे चालू ठेवण्याचा पर्याय लावून उतरवा. सॅसची आणि हीसॉफ्टची आवृत्ती वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी उत्तर बदलले तर कारण तिथे सापडण्याची शक्यता मोठी.

सॅसला कॅलिब्रेशनच्या फाइली लागतात. त्या नसल्या किंवा जुन्या असल्या तर पहिलीच आज्ञा अडते, आणि चूक दाखवणारा मजकूर इतका लांब असतो की मुले तिथेच सोडून देतात. त्यातल्या फक्त शेवटच्या पाच-सहा ओळी वाचा, हरवलेल्या फाइलीचे नाव तिथे असते.

कामाचा क्रम

एक्सएमएमच्या पीएन कॅमेऱ्याचे उदाहरण घेतो. मूळ ओडीएफ फाइल सोडवा, सिफबिल्ड आणि ओडीएफइनजेस्ट चालवा, मग ईपीप्रॉक. यातून घटनांची यादी तयार होते : प्रत्येक फोटॉन कधी आला, कॅमेऱ्यावर कुठे पडला, त्याची ऊर्जा किती. पुढचे सगळे काम म्हणजे या यादीची चाळणी.

पहिली चाळणी ताऱ्याची नाही, पार्श्वभूमीची. पृथ्वीच्या चुंबकावरणातले मंद प्रोटॉन अधूनमधून दुर्बिणीत शिरतात आणि सगळा कॅमेरा उजळतो. आलेखात ते हुबेहूब ज्वालेसारखे दिसतात. सगळ्या कॅमेऱ्यावरच्या १० ते १२ केईव्हीच्या (केईव्ही हे फोटॉनच्या ऊर्जेचे एकक), एकाच पिक्सेलमध्ये पडलेल्या फोटॉनांचा आलेख काढा, १०० सेकंदांचे खण, म्हणजे वेळेचे तुकडे करून. सेकंदाला ०.४ च्या वर गेलेला काळ टाकून द्यायचा, अशी नेहमीची मर्यादा आहे. टॅबजीटीआयजेन ही आज्ञा चांगल्या वेळेची यादी बनवते.

इथेच नवख्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा होतो. तारा फार तेजस्वी आणि ज्वाला फार तप्त असेल, तर १० केईव्हीच्या वरही ताऱ्याचे फोटॉन येतात. मग चाळणी आपण शोधत असलेली ज्वालाच कापून फेकते आणि उरलेला आलेख शांत, नीटस दिसतो. मूल खूश होते. म्हणून पार्श्वभूमीचा आलेख काढताना ताऱ्याभोवतीचे वर्तुळ आधी वगळा. चाळणीनंतर किती सेकंद कापले गेले आणि ते कुठल्या वेळेचे, हे दर वेळी बघा.

आता ताऱ्याभोवती २० ते ३० विकला त्रिज्येचे वर्तुळ आणि कॅमेऱ्यातल्या त्याच सीसीडी चिपवर, दुसरा कुठलाही तारा नसलेल्या जागी, पार्श्वभूमीचे वर्तुळ घ्या. इव्हसिलेक्ट या आज्ञेत पॅटर्न ४ पर्यंत (म्हणजे एक-दोन पिक्सेलांत नोंदलेले फोटॉन), फ्लॅग शून्य (म्हणजे दोषाची खूण नसलेले), ऊर्जा ०.३ ते १० केईव्ही. दोन्हींचे आलेख काढून ईपिकएलसीकॉर चालवा, तो पार्श्वभूमी वजा करतो आणि दुर्बिणीच्या कार्यक्षमतेची दुरुस्तीही करतो. हाताने वजाबाकी करू नका. दोन वर्तुळांचे क्षेत्रफळ वेगळे असते आणि ते विसरले जातेच.

खण किती सेकंदांचा घ्यावा? फोटॉन मोजताना चूक त्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. सेकंदाला ०.५ फोटॉन येत असतील तर १०० सेकंदांत ५०, चूक ७, म्हणजे १४ टक्के. खण ४०० सेकंदांचा केला तर २०० फोटॉन, चूक ७ टक्के. पण मग पाच मिनिटांची ज्वाला एका खणात गडप होते. एकच खण घेऊन थांबू नका, ५०, १०० आणि ४०० असे तिन्ही काढून शेजारी ठेवा. शिवाय १००० खणांच्या आलेखात एखाद-दुसरा खण नुसत्या योगायोगाने तीन सिग्मा, म्हणजे चुकीच्या तिप्पट, वर जातो. एकुलता एक खण वर आला म्हणजे ज्वाला नव्हे. सलग तीन-चार खण वर हवेत, आकार उभ्या चढणीचा हवा, आणि कठीण (जास्त ऊर्जेच्या) व मृदू (कमी ऊर्जेच्या) क्ष-किरणांचे गुणोत्तरही बदलायला हवे. ०.३ ते २ केईव्ही आणि २ ते १० केईव्ही असे दोन वेगळे आलेख काढा. खऱ्या ज्वालेत कठीण पट्टा आधी शिखरावर जातो. कारण वर आलेच आहे : तापमानाचे शिखर आधी येते.

ज्वालेच्या शिखरावर फोटॉन इतके दाट पडतात की कॅमेऱ्याच्या एका वाचनात दोन फोटॉन एकाच जागी येतात आणि त्यांची बेरीज एक मोठा फोटॉन म्हणून नोंदली जाते. याला पाइल-अप म्हणतात. परिणाम फसवा असतो : वर्णपट खोटा कठीण होतो, तापमान वाढलेले दिसते, आणि आपल्याला वाटते की विलक्षण तप्त ज्वाला सापडली. ईपॅटप्लॉटचा आलेख फक्त शिखराच्या वेळेचा काढून तपासा, पूर्ण निरीक्षणाचा नव्हे. निवांत काळातल्या फोटॉनांत मिसळला की शिखराचा दोष झाकला जातो. दोष निघाला तर वर्तुळाच्या मध्यातला भाग काढून कंकण घ्या. फोटॉन कमी होतात, पण उरतात ते खरे.

वेळ कोणाच्या घड्याळाने

पांढऱ्या प्रकाशातल्या ज्वालेशी क्ष-किरणांची तुलना करताना हमखास चूक होते ती वेळेची. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत वर्षभरात साधारण ८ मिनिटे आधी किंवा ८ मिनिटे उशिरा पोचतो. दृश्य प्रकाशात ताऱ्यांचा उजेड मोजणाऱ्या टेस उपग्रहाची वेळ सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याला धरून दुरुस्त केलेली असते, एक्सएमएमच्या कच्च्या यादीतली नसते. शिवाय यूटीसी (रोजच्या घड्याळाची) आणि टीटी (खगोलगणिताची) या दोन कालमापनांत ६९ सेकंदांचा फरक आहे. पांढरा प्रकाश आधी की क्ष-किरण आधी, हा प्रश्न काही मिनिटांचाच असतो, म्हणजे चूक उत्तरापेक्षा मोठी ठरू शकते. बॅरीसेन ही आज्ञा दुरुस्ती करते, पण मूळ फाइलच बदलून टाकते. आधी प्रत काढून ठेवा, आणि तीच फाइल चुकून दोनदा दुरुस्त करू नका.

सरावासाठी एयू मायक्रोस्कोपी उत्तम. टेसने त्याला २०१८ मध्ये आपल्या पहिल्याच सेक्टरात (आकाशाच्या भागात) सलग २७ दिवस, दर दोन मिनिटांनी मोजले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात एक्सएमएमनेही पाहिले. दोन्ही निरीक्षणे एकाच वेळेची नाहीत, तेव्हा ज्वाला जुळवायला जाऊ नका. पण दृश्य प्रकाश आणि क्ष-किरण या दोन्हींतल्या ज्वालांची लांबी, संख्या, आकार यांची तुलना एका प्रकल्पाला पुरते. पायथॉनमधले लाइटकर्व्ह हे पॅकेज टेसची फाइल चार ओळींत उतरवून देते. ताऱ्याच्या ४.८६ दिवसांच्या परिवलनाची लाट आधी सपाट करावी लागते, आणि ती सपाट करताना खिडकी फार अरुंद घेतली तर लांब ज्वालाही इस्त्री होऊन जातात.

वर्णपट आणि ऊर्जा

एक्सस्पेकमध्ये आधी ज्वालेपूर्वीच्या शांत काळाचा वर्णपट जुळवा. ॲपेक हे तप्त वायूच्या वर्णपटाचे मॉडेल दोनदा, म्हणजे दोन तापमाने, आणि पुढे आंतरतारकीय शोषणाचे टीबीॲब्स. जवळच्या ताऱ्यांना शोषण नगण्य असते, मृगाच्या तेजोमेघातल्या ताऱ्यांना मात्र ते मोठे असते आणि मृदू क्ष-किरण गिळून टाकते. ही शांत काळाची मापे गोठवून ठेवायची, आणि ज्वालेच्या तुकड्यांना तिसरे ॲपेक जोडायचे. तुकडे सारख्या वेळेचे न करता सारख्या फोटॉनांचे करा. तुकड्यात हजारभर फोटॉन असले तर तापमान भरवशाचे येते. शे-दोनशे असले तर एक्सस्पेक आकडा देईल, पण तो आकडा मानू नका. कमी फोटॉन असतील तर जुळणी मोजायला काय-वर्गाऐवजी सी-स्टॅट हे माप वापरा. मूलद्रव्यांच्या प्रमाणाची कोणती तक्ती वापरली ते लिहून ठेवा. हीसॉफ्टमध्ये आपोआप येणारी तक्ती जुनी आहे, ती न बदलता दुसऱ्याच्या निबंधाशी तुलना केली तर लोहाचे प्रमाण उगाच वेगळे दिसते. फार तप्त ज्वालेत ६.७ केईव्हीला लोहाची रेषा उठून दिसते. ती दिसली की तापमान काही कोटींत आहे याची खात्री पटते. १ केईव्ही म्हणजे १.१६ कोटी केल्विन, हे रूपांतर तोंडपाठ असू द्या.

आता एक गणित पूर्ण करून दाखवतो. समजा तारा १० पार्सेकवर आहे. गोलाचे क्षेत्रफळ १.२ गुणिले १० चा ४० वा घात चौरस सेंटिमीटर. शांत काळात चौरस सेंटिमीटरला सेकंदाला १० चा उणे ११ वा घात अर्ग येतात, शिखरावर त्याच्या दहापट. म्हणजे ताऱ्याचा शांत उजेड १.२ गुणिले १० चा २९ वा घात आणि शिखराचा १.२ गुणिले १० चा ३० वा घात अर्ग प्रतिसेकंद. निव्वळ ज्वालेचा उरतो १.१ गुणिले १० चा ३० वा घात. शांत उजेड वजा करायला विसरू नका, छोट्या ज्वालेत तोच निम्मा असतो. उजेड साधारण एक-तृतीयांशावर यायला १५०० सेकंद लागले असतील, तर ऊर्जा म्हणजे या दोन संख्यांचा गुणाकार : १.६ गुणिले १० चा ३३ वा घात अर्ग. ही नुसत्या क्ष-किरणांची. दृश्य आणि अतिनील प्रकाशातली ऊर्जा वेगळी. अंतर गाया उपग्रहाच्या माहितीतून घ्या. अंतरातली दोन टक्क्यांची चूक ऊर्जेत चार टक्के होते.

कमानीची अर्धी लांबी, म्हणजे पायथ्यापासून माथ्यापर्यंतची, हीही यातूनच निघते. उतरणीचा काळ सेकंदांत घ्या, त्याला तापमानाच्या (कोटी केल्विनमध्ये) वर्गमुळाने गुणा आणि १२० ने भागा. उत्तर १०,००० किलोमीटरांच्या पटीत येते. तापमान ४ कोटी असेल तर १५०० गुणिले २ भागिले १२०, म्हणजे २५, म्हणजे अडीच लाख किलोमीटर. सूर्याची त्रिज्या सुमारे ७ लाख किलोमीटर, लाल बटूची त्याच्या निम्म्याच्याही खाली जाते, तेव्हा ही कमान ताऱ्याच्या अंगाएवढी होते. पण सांभाळा, ही कमाल मर्यादा आहे. उतरणीतही आतून आच चालू असेल तर भट्टी उशिरा निवते आणि कमान खोटी लांब दिसते. ती आच किती हे तापमान आणि वायूचे प्रमाण एकमेकांसोबत कसे उतरतात यावरून कळते, आणि दुरुस्ती केली की लांबी कितीतरी कमी होते. दुरुस्ती न करता ताऱ्यापेक्षा मोठी कमान सापडल्याचे जाहीर करू नका.

आपल्याकडचे उपग्रह

भारताचा ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ ला गेला. त्यावरची मृदू क्ष-किरण दुर्बीण टीआयएफआरमध्ये घडली. माहिती इस्रोच्या आयएसएसडीसी केंद्राकडून नोंदणी करून मिळते, आणि पुण्याच्या आयुकातले साहाय्य केंद्र शंका सोडवते. अडचण कक्षेची : ६५० किलोमीटर उंचीवर दर ९८ मिनिटांच्या आसपास एक फेरी, मध्ये पृथ्वी आड येते. त्यामुळे आलेखाला दात पडलेल्या फणीसारख्या फटी असतात आणि ज्वालेचे शिखर नेमके फटीत जाते. एक्सएमएम ४८ तासांच्या लांबट कक्षेत फिरतो, म्हणून सलग दीड दिवस पाहू शकतो. पहिल्या सरावाला तोच बरा.

सूर्यावर हात बसवायचा असेल तर चांद्रयान-२ वरचा सौर क्ष-किरण मापक आणि आदित्य-एल१ वरची सोलेक्स व हेलिओस ही उपकरणे आहेत. सूर्याच्या ज्वालेत फोटॉनांची ददात नसते, त्यामुळे पद्धत शिकताना चूक लगेच उघडी पडते. एक ज्वाला सूर्याची, एक ताऱ्याची, दोन्हींना एकच पद्धत लावली तर बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा भरभक्कम प्रकल्प होतो.

दुर्बीण ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती अडगळीत टाकू नये. ८ इंची दुर्बीण, निळी चाळणी (फिल्टर) आणि साधा सीसीडी किंवा सीमॉस कॅमेरा यांवर फेब्रुवारी ते एप्रिल एडी लिओनिस मोजता येतो. त्याची तेजस्वितेची प्रत साधारण ९.४. ज्वाला निळ्या रंगात सगळ्यात ठळक असते, लाल चाळणीत ती बुडते. १० ते ३० सेकंदांची चित्रे घ्या आणि शेजारचे दोन स्थिर तारे सोबत मोजा. तिन्ही एकदम उजळले तर तो ढग सरला, ज्वाला नव्हे. प्रॉक्झिमा मात्र बेळगावातून दक्षिण क्षितिजाच्या जेमतेम ११ अंश वर येतो, त्याच्या नादी लागू नये.

शिक्षणाची वाट

मराठी माध्यमातून एसएसएलसी झालेल्या मुलांना पीयूसीत पहिले सहा महिने इंग्रजी शब्दांचा त्रास होतो. वर्णपट म्हणजेच स्पेक्ट्रम, ऊर्जा म्हणजेच एनर्जी, एवढा दोन रकान्यांचा कोश वहीच्या मागे करून ठेवला की तो सुटतो. संकल्पना मराठीत पक्क्या झालेल्या असतात, त्या वाया जात नाहीत. बीएस्सीला फिजिक्स आणि गणित हवेच. तिसरा विषय कॉम्प्युटर सायन्स किंवा स्टॅटिस्टिक्स मिळाला तर सोन्याहून पिवळे. एमएस्सीसाठी राणी चन्नम्मा, धारवाडचे कर्नाटक आणि कोल्हापूरचे शिवाजी अशी तिन्ही विद्यापीठे आवाक्यात आहेत. निपाणीकरांना तर कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ. महाराष्ट्रात अर्ज करताना सीमाभागातल्या ८६५ गावांसाठीची तरतूद आपल्या अभ्यासक्रमाला लागू आहे का, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच वाचा, ऐकीव माहितीवर राहू नका.

आयआयटीच्या एमएस्सीसाठी आणि बंगळूरच्या आयआयएससीच्या इंटिग्रेटेड पीएचडीसाठी जॅम परीक्षा. पीएचडीसाठी जेस्ट, नेट, गेट. कोणती संस्था कोणती परीक्षा मानते हे दर वर्षी तपासावे. बंगळूरची आयआयए आणि रामन संशोधन संस्था, पुण्याच्या आयुका आणि एनसीआरए, नैनितालची एरीज ही खगोलसंशोधनाची ठिकाणे डोळ्यासमोर ठेवा. एरीजमध्ये सक्रिय ताऱ्यांच्या क्ष-किरणांवर बरेच काम झाले आहे. बेळगाव पुणे आणि बंगळूर यांच्या मध्ये पडते, रात्रीच्या गाडीने दोन्हीकडे सकाळी पोचता येते. चर्चासत्राला एक दिवस जाऊन येणे इथल्या मुलांना जमण्यासारखे आहे. उन्हाळी प्रकल्पांचे अर्ज हिवाळ्यातच भरून होतात. एप्रिलमध्ये चौकशी केली तर वर्ष गेलेले असते.

मार्गदर्शकाला पत्र लिहिताना गुणपत्रिकांचे गठ्ठे आणि "मला लहानपणापासून आकाशाची आवड आहे" हे वाक्य नको. अर्धे पान मजकूर, निरीक्षणाचा क्रमांक, आणि एक आलेख जोडा : वर ताऱ्याचा, त्याखाली त्याच वेळेच्या अक्षावर पार्श्वभूमीचा, टाकून दिलेला काळ करड्या रंगात. खालचा आलेख नसेल तर उत्तरात पहिला प्रश्न तोच येतो.